तुमचे प्रश्न : हजार पेशींत एक तुटका क्रोमोसोम

मागच्या अंकात रेडिएशन आणि रक्त यावर लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की प्रत्येक माणसाच्या रक्तात थोडीफार तुटकी गुणसूत्रं, म्हणजे क्रोमोसोम, असतातच, अगदी कधी एक्स-रे न काढलेल्या माणसाच्याही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. मी गेली 22 वर्षं मायक्रोस्कोपखाली हेच बघतेय त्यामुळे उत्तरं जरा लांबतील, चालवून घ्या.

प्रश्न : मॅडम, मी नाशिकला एक्स-रे टेक्निशियन आहे, वय 34, नऊ वर्षं झाली या कामात. किरणांचा डोस मोजणाऱ्या बॅजचे रिपोर्ट कायम नॉर्मल आलेत. एका रिसर्च प्रोजेक्टसाठी आमच्या सगळ्यांचं रक्त घेतलं होतं, माझ्या कागदावर ‘डायसेंट्रिक : 1000 पेशींत 1’ असं आलंय. बायकोला पाचवा महिना लागलाय. या एकचा अर्थ काय? बाळाला काही होईल का? घरी अजून कुणाला बोललो नाहीये.

आधी घरी बोला, आजच बोला, कारण घाबरण्यासारखं त्या कागदावर काहीच नाहीये. बाळाचं आधी सांगते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. तुमच्या दंडातून काढलेल्या रक्तातली ती एक पांढरी पेशी, लिम्फोसाइट, तिचा तुमच्या बाळाशी काही संबंध नाही. बाळाकडे जातं ते शुक्रपेशीतून, रक्तातल्या पेशीत आयुष्यात पुढे कधीतरी झालेली तूट रक्तातच राहते आणि तिथेच संपते. जन्मापासून शरीरातल्या सगळ्या पेशींत असणारा क्रोमोसोमचा दोष वेगळा, ज्यासाठी वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांची कॅरिओटाइप टेस्ट, म्हणजे सगळ्या क्रोमोसोमची तपासणी, करतात, आणि ही अशी एखाद्या पेशीत झालेली मोडतोड वेगळी. दोन्हीला लोक ‘क्रोमोसोममध्ये प्रॉब्लेम’ असंच म्हणतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या आईबापांच्या मुलांची क्रोमोसोम तपासणी जपानमध्ये कित्येक वर्षं चालली, रेडिएशन मिळालेल्या आईबापांची 8322 मुलं आणि न मिळालेल्यांची 7976 मुलं तपासली, क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली मुलं पहिल्या गटात 18 निघाली आणि दुसऱ्यात 25. म्हणजे बॉम्बच्या किरणांनंतरही मुलांमध्ये वाढ दिसली नाही, आणि तुमचा डोस तर त्याच्या आसपासही नाही.

आता तो एक. प्रत्येक क्रोमोसोमला एक कंबर असते, सेंट्रोमियर म्हणतात, पेशी दुभंगताना तिथेच धागा अडकतो आणि क्रोमोसोम ओढला जातो. दोन क्रोमोसोम एकाच वेळी तुटले आणि दुरुस्ती करताना पेशीने चुकून दोन मोठे तुकडे एकमेकांना जोडून टाकले की दोन कंबरांचा एक लांबडा क्रोमोसोम तयार होतो, तोच डायसेंट्रिक. सोबत एक बिनकंबरेचा तुकडा शिल्लक राहतो. खरा डायसेंट्रिक असेल तर तो तुकडा त्याच पेशीत सापडायला हवा आणि एकूण मोजणी 46 च भरायला हवी, तुमचा रिपोर्ट ज्यांनी केला त्यांनी हे बघितलंच असणार, आम्ही सगळेच बघतो, कारण नुसते एकावर एक पडलेले दोन क्रोमोसोमही पहिल्या नजरेला तसेच दिसतात.

सर्वसाधारण माणसांत, म्हणजे किरणांशी कामाचा काही संबंध नसलेल्या माणसांत, असे डायसेंट्रिक हजार पेशींत अर्धा ते एक, फार तर दोन असतात. अर्धा म्हणजे दोन हजारात एक. म्हणजे तुमचा आकडा वर्गातल्या सगळ्यात सामान्य मुलासारखा आहे. आणि हे पण लक्षात घ्या की हजारच पेशी मोजल्या तर आकडा नशिबावरही हलतो. समजा कोठीतल्या तांदळात हजार दाण्यांमागे सरासरी एक खडा आहे, तुम्ही डोळे मिटून हजार दाणे काढले तर शंभरातल्या 37 वेळा एकही खडा येणार नाही, 37 वेळा एक येईल, 18 वेळा दोन, आणि उरलेल्या 8 वेळा तीन किंवा जास्त. तांदूळ तोच, कोठी तीच. तुमचंच रक्त त्याच नळीतून परत घेऊन मोजलं असतं तर शून्य आलं असतं किंवा दोन आले असते, आणि तुमच्या शेजारच्या ज्या सहकाऱ्याला शून्य आलंय तो तुमच्यापेक्षा सुरक्षित आहे असं बिलकुल नाही.

तुलनेसाठी मोठा आकडा सांगते. अपघातात एखाद्याच्या अंगावर एकदम 2 ग्रे (ग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या किरणांचं माप) गॅमा किरण पडले तर शंभर पेशींत पंचवीस-तीस डायसेंट्रिक दिसतात. शंभरात! स्लाइड लावल्या लावल्या कळतं. 1987 साली ब्राझीलच्या गोइयानिया शहरात भंगारात गेलेल्या कॅन्सर मशीनमधलं किरणोत्सारी सिझियम लोकांनी घरी नेलं होतं तेव्हा कुणाला किती डोस बसला हे याच मोजणीवरून ठरवलं होतं. खालच्या टोकाला मात्र ही टेस्ट आंधळी आहे, साधारण 100 मिलिग्रेच्या खाली नेहमीच्या पार्श्वभूमीतून काही वेगळं काढता येत नाही. आपल्याकडे एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30 (एक्स-रे आणि गॅमा किरणांसाठी 1 मिलिसीव्हर्ट म्हणजे साधारण 1 मिलिग्रेच धरा). पूर्ण 20 मिळाले असं धरलं तरी हजार पेशींत एकसुद्धा जास्तीचा डायसेंट्रिक भरत नाही, आणि बॅज लावून शिल्डच्या मागे उभा राहणारा माणूस त्याच्या कितीतरी खाली असतो. त्यामुळे तुमचा हा एक एक्स-रे मशीनमुळे आला असं कुणीही म्हणू शकत नाही, मी तरी म्हणणार नाही.

माझी एक गोष्ट सांगते. शिकाऊ असताना आमच्या लॅबमध्ये कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, आमचंच रक्त घ्यायचे, मी तेव्हा 26 ची, किरणांच्या जवळही कधी गेले नव्हते, आणि माझ्या स्वतःच्या स्लाइडमध्ये सातशे-साडेसातशे पेशींनंतर एक मस्त डायसेंट्रिक सापडला, शेजारी तुकडा, सगळं पुस्तकात असतं तसं. मला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी त्यांचं स्वतःचं जुनं रजिस्टर काढून दाखवलं, त्यांच्या नावासमोर दोन होते. बोलले काहीच नाहीत, फक्त पान दाखवलं. त्या पानामुळे मी आज तुम्हाला हे इतक्या खात्रीने लिहू शकतेय.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. किरण नाहीत, काही नाही, तर मग ही तूट होतेच कशी? आणि रक्तातल्या पेशी तर दुभंगत नसतात, मग क्रोमोसोम दिसतात कसे?

दोन्ही प्रश्न छान आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर मला जास्त आवडतं म्हणून तेच आधी. हिरव्या झाकणाच्या, हेपॅरिनच्या नळीत रक्त घेतात. त्यातल्या लिम्फोसाइट झोपलेल्या असतात, त्यांना उठवावं लागतं आणि उठवणारी वस्तू निघते राजम्यातून! फायटोहिमॅग्लुटिनिन, राजम्याच्या दाण्यातलं प्रोटीन. पीटर नॉवेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1960 मध्ये दाखवलं की याने लिम्फोसाइट दुभंगायला लागतात, मुळात हे प्रोटीन लाल पेशी गोळा करून बाजूला काढायला वापरत होते. 37 डिग्रीला 48 तास ठेवायचं. शेवटचे दोन-तीन तास कोल्सेमिड घालायचं, त्याने दुभंगणाऱ्या पेशी मधेच थांबतात, क्रोमोसोम आखडून जाडजूड झालेले असतात तेव्हाच. कोल्सेमिड हे कोल्चिसिनचं भावंड, आणि कोल्चिसिन आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीत असतं, तेच लाल-पिवळं ज्वाळेसारखं फूल. विषारी आहे, कंद तर फारच, घरी प्रयोग अजिबात नको. नंतर पातळ पोटॅशियम क्लोराइडमध्ये पेशी फुगवतात, मिथेनॉल आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या 3 ला 1 मिश्रणात पक्क्या करतात, स्लाइडवर थेंब टाकतात, गिम्झाने रंगवतात. थेंब कसा टाकायचा यावर प्रत्येक लॅबमध्ये प्रत्येकाचं वेगळं मत असतं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं.

48 तासच का, तर पेशीचं पहिलंच विभाजन पकडायचं असतं. डायसेंट्रिक असलेली पेशी दुभंगताना दोन कंबरा दोन दिशांना ओढल्या जाऊ शकतात, पूल तयार होतो, पेशी मरते. जास्त वेळ ठेवलं तर बऱ्याचशा अशा पेशी गळून जातात आणि आकडा खोटाच कमी येतो.

आता तूट कशी होते. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची कॉपी करते आणि कॉपी करताना अडखळते. ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवताना त्यातले खवचट रेणू डीएनएला चावतात. रोज एका पेशीत डीएनएचे दोन्ही धागे तुटण्याचे साधारण 10 ते 50 प्रसंग येतात असा अंदाज मांडला जातो, आणि एकेरी बारीकसारीक जखमा तर हजारोंनी. जवळपास सगळ्याच दुरुस्त होतात, माझ्या डोक्यात हे कधीच नीट बसत नाही की शरीराला इतकी शिस्त आली कुठून. दोन टोकं सांधणारी यंत्रणा घाईत काम करते आणि लाखात कधीतरी चुकीची टोकं सांधते, तेवढ्यातूनच आपल्याला स्लाइडवर दिसणारं ते सगळं येतं. निसर्गातल्या किरणांचा वाटाही आहे पण लहान. हिशेब करून बघ, जगाची सरासरी वर्षाला 2.4 मिलिसीव्हर्ट, डायसेंट्रिक असलेल्या लिम्फोसाइट निम्म्या व्हायला साधारण तीन वर्षं लागतात, तेवढ्या काळात साठून सात-आठ मिलिसीव्हर्ट, त्यातून दहा हजार पेशींत दोन-तीन डायसेंट्रिक होतील. दिसतात मात्र दहा हजारात पाच-दहा. म्हणजे बरंचसं घरचंच आहे, बाहेरून आलेलं नाही.

प्रश्न : डोंबिवलीहून लिहितेय. एका हेल्थ पॅकेजमध्ये आम्हा दोघांची ‘डीएनए डॅमेज टेस्ट’ केली. मी 61, हे 64. मायक्रोन्यूक्लियस माझे हजारात 24, यांचे 15. हे तीस वर्षं सिगारेट ओढत होते, मी कधी चहासुद्धा जास्त घेतला नाही, मग माझे जास्त कसे? पॅकेजवाल्यांनी सहा महिन्यांचा अँटिऑक्सिडंटचा कोर्स सांगितलाय.

काकू, तुमचा राग मला समजतोय पण तुमचं काही चुकलेलं नाहीये. मायक्रोन्यूक्लियस म्हणजे पेशी दुभंगताना मागे राहिलेला क्रोमोसोमचा तुकडा किंवा अख्खा क्रोमोसोम, तो मुख्य केंद्रकाच्या बाजूला छोट्या गोळीसारखा दिसतो, भाकरीच्या शेजारी उरलेला पिठाचा गोळा असावा तसा. 1985 मध्ये फेनेक आणि मॉर्ली यांनी ही पद्धत बसवली, पेशीला दोन केंद्रकांपर्यंत जाऊ द्यायचं आणि तिथेच अडवायचं, म्हणजे नुकतीच एकदाच दुभंगलेली पेशी ओळखू येते. सामान्य माणसांत हे आकडे हजार पेशींत 2 ते 36 इतके पसरलेले सापडतात. केवढी मोठी रेंज आहे बघा.

बायकांचे जास्तच असतात, साधारण सव्वा ते दीडपट, आणि वयाबरोबर वाढत जातात. कारण बऱ्याच अंशी एक्स क्रोमोसोम. तुमच्याकडे दोन एक्स, त्यातला एक पेशीने बंद करून ठेवलेला असतो, आणि वय वाढलं की पेशी दुभंगताना तो मागे राहून जातो. बायकांच्या मायक्रोन्यूक्लियसमध्ये एक्सच फार वेळा सापडतो. पुरुषांकडे वायची तीच गत आहे, ब्रिटनमध्ये फार मोठ्या संख्येने लोकांचं रक्त बघितलं तेव्हा सत्तरीतल्या पुरुषांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणांच्या काही रक्तपेशींतून वाय गायब झालेला सापडला. म्हणजे काकांना 15 आलेत म्हणून त्यांचं सगळं आलबेल असं नाही. तीस वर्षांच्या सिगारेटचा हिशेब या टेस्टमध्ये नीट दिसत नाही, तो फुप्फुसात आणि हृदयात बघायचा असतो, आणि त्यांनी सोडली असेल तर उत्तमच केलं.

दुसरी गोष्ट, एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी लावू नका. मोजणाऱ्याचा डोळा, कल्चरची पद्धत, सगळ्याने फरक पडतो, म्हणून चांगली लॅब स्वतःच्या भागातल्या निरोगी लोकांचे वयानुसार आकडे आधी मोजून ठेवते आणि रिपोर्टवर ते छापते. तुमच्या कागदावर ‘तुमच्या वयाच्या बायकांत आमच्याकडे इतके येतात’ अशी ओळ आहे का बघा. नसेल तर त्या 24 ला तसा काही अर्थच नाही.

कोर्सबद्दल स्पष्ट सांगते, एका आकड्यावरून सहा महिन्यांच्या गोळ्या लावणं मला मुळीच पटत नाही. फोलेट आणि बी-12 ची कमतरता असेल तर मायक्रोन्यूक्लियस वाढतात हे खरं आहे, आणि शाकाहारी घरांत बी-12 कमी असणं आपल्याकडे खूप दिसतं. त्याची साधी रक्ताची टेस्ट करून घ्या, कमी निघालं तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून ते भरून काढा. पैसे तिथे खर्च करा.

प्रश्न : माझं माहेर ठाण्याचं, सासर केरळात कोल्लमजवळ, करुनागप्पल्लीला. तिथल्या काळ्या वाळूत रेडिएशन आहे म्हणतात. मुलं सुट्टीत समुद्रावर खेळतात. मी काळजी करू की नको?

तुमचं सासर आमच्या विषयातल्या सगळ्यात अभ्यासलेल्या जागांपैकी एक आहे हे तुम्हाला माहीत आहे का! तिथल्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे, त्यात 8 ते 10 टक्के थोरियम, हा किरणोत्सारी धातू. उत्तरेला पुरक्काडपासून दक्षिणेला शक्तिकुलंगरापर्यंत साधारण 55 किलोमीटर लांब आणि जेमतेम अर्धा किलोमीटर रुंद पट्टी, आणि पट्टीतही ठिकठिकाणी फरक, वर्षाला 1 मिलिग्रेच्या खालपासून 45 पर्यंत. एकाच गावातल्या दोन घरांत मोठा फरक निघू शकतो. आणि लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतायत, बाहेरून फार कुणी येऊन वसलेलं नाही. ‘निसर्गातल्या किरणांची पातळी वाढली तर क्रोमोसोमची मोडतोड वाढते का’ हा प्रश्न विचारायला यापेक्षा चांगली जागा मिळणं कठीण.

भाभा अणुसंशोधन केंद्राची कोल्लमला खास लॅब आहे, तिथे बाळ जन्मल्यावर नाळेतलं रक्त घेऊन क्रोमोसोम मोजतात. नाळेचं रक्त यासाठी की बाळाने सिगारेट ओढलेली नसते, औषधं नसतात, वय नसतं, म्हणजे बाकीचा गोंधळ कमी. सत्तावीस हजारांहून जास्त बाळं तपासून झालीत, जास्त रेडिएशनच्या भागातली आणि शेजारच्या साध्या भागातली, आणि दोन्हींत लक्षात घेण्यासारखा फरक निघाला नाही. बाजूनेच कॅन्सरचाही अभ्यास झाला, तिरुवनंतपुरमच्या रिजनल कॅन्सर सेंटरने करुनागप्पल्लीतल्या 69,958 माणसांचा सरासरी साडेदहा वर्षं पाठपुरावा केला, 2009 मध्ये निकाल छापला, त्यात रेडिएशनमुळे कॅन्सर जास्त झाल्याचं दिसलं नाही.

पण सगळं गोड गोड सांगून थांबणार नाही. चीनमध्ये यांगजियांगला असाच जास्त रेडिएशनचा भाग आहे, तिथे म्हाताऱ्या माणसांत डायसेंट्रिक वयाबरोबर वाढत गेलेले सापडले, साध्या भागात तशी वाढ नव्हती. म्हणजे आयुष्यभर साठलेला डोस अगदी बारीक खूण ठेवतो, हजारो पेशी मोजल्या तर ती दिसते. पण तिथेच ट्रान्सलोकेशन, म्हणजे दोन क्रोमोसोमनी तुकडे अदलाबदल केलेला आणि पेशीला न मारता वर्षानुवर्षं टिकणारा प्रकार मोजला, तर दोन भागांत नीटसा फरकच काढता येईना, कारण सिगारेट आणि प्रत्येक माणसाचा आपापला फरक यांनी तो झाकून टाकला. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली ही सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. ट्रान्सलोकेशन तसेही वयाबरोबर साठत जातात, नवजात बाळात जवळपास नसतातच आणि सत्तरीत हजार पेशींत दहाच्या आसपास किंवा जास्तही होतात, ठाण्यात राहा नाहीतर कोल्लमला.

मुलांना वाळूत खेळू द्या. दोन आठवड्यांच्या सुट्टीत मिळणारा डोस फार छोटा असतो. घरी आल्यावर हातपाय धुवायचे, ते तर कुठल्याही वाळूत खेळून आल्यावर धुवायचेच. तिथल्या समुद्राची मला जास्त काळजी वाटते, पावसाळ्यात पोरांना एकटं सोडू नका.

प्रश्न : माझं पोटाचं सीटी स्कॅन झालं. आता क्रोमोसोमची टेस्ट करून घेऊ का? (सातारा)

नको. पोटाच्या सीटीत साधारण 8-10 मिलिसीव्हर्ट जातात, या टेस्टला ते दिसणारच नाही, कारण वर सांगितलं तसं 100 च्या खाली ती आंधळी आहे. पैसे जातील आणि एक-दोन आकडे हातात येऊन उगाच घोर लागेल. त्यापेक्षा स्कॅनची सीडी आणि रिपोर्ट जपून ठेवा, पुढच्या डॉक्टरला दाखवा, म्हणजे तोच स्कॅन परत काढावा लागणार नाही.

प्रश्न : आमच्या तालुक्यात ही टेस्ट होत नाही. भाचीला फॅन्कोनी अ‍ॅनिमियाचा संशय आहे, रक्त मुंबईला पाठवायला सांगितलंय. कसं पाठवू?

ही टेस्ट मात्र जरूर करा, टाळू नका. फॅन्कोनीत दुरुस्तीची यंत्रणाच जन्मतः अधू असते, त्यामुळे पेशींना ठरावीक केमिकल लावून बघितलं की साध्या माणसाच्या मानाने क्रोमोसोम खूपच जास्त तुटतात, आणि हे स्लाइडवर स्पष्ट दिसतं. ज्या लॅबला पाठवताय तिथे आधी फोन करून दिवस ठरवा, लॅबवाले सोबत एका निरोगी माणसाचं रक्तही मागतील, त्याच दिवशी, त्याच डब्यात, कारण तुलना त्याच्याशीच करायची असते. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी, जांभळ्या झाकणाची नाही. घेतल्यापासून एका दिवसात पोचलं तर उत्तम, दोन दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी. शनिवारी पाठवू नका, रविवारी कुणी घ्यायला नसतं आणि नळी टेबलावर पडून राहते. उन्हाळा असेल तर थर्माकोलच्या डब्यात ठेवा, थंड पॅक असलाच तर तो कापडात गुंडाळून नळीपासून लांब, नळी बर्फाला टेकली की पेशी मरतात आणि मग राजमा घाला नाहीतर काही घाला, त्या उठत नाहीत.